फोन आहे, पण स्लाइड कोण बनवणार?

पीएचडीच्या प्रवेशाचा मोसम आला की ज्युनिअर मंडळी सिनॉप्सिसचे कच्चे मसुदे वाचायला पाठवतात. त्यात एक विषय हमखास असतो: स्मार्टफोनवर चालणारा स्वस्त मायक्रोस्कोप. पहिलं वाक्यही ठरलेलं. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे, गावोगावी लॅब नाही, म्हणून फोनलाच लॅब करू. विषय वाईट नाही, उलट चांगला आहे. पण त्या ‘म्हणून’मध्ये बरंच काही लपलेलं असतं. ते उलगडायचं तर मला इतिहासाची वाट सोयीची वाटते, कारण मायक्रोस्कोप रुग्णापर्यंत न्यायचा की रुग्णाचा नमुना मायक्रोस्कोपपर्यंत आणायचा, हा प्रश्न फोनपेक्षा फार जुना आहे. आणि त्याचा मोठा भाग आपल्या नायगावच्या आसपासच घडला.

नकाशा उघडा आणि नायगावच्या बीडीडी चाळींवर बोट ठेवा. दक्षिणेला परळ: केईएम, टाटा, वाडिया आणि हाफकिन. शिवडीच्या बाजूला टीबीचं रुग्णालय. पूर्वेला वडाळा, तिथे डोळ्यांचं एक रुग्णालय आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. या एवढ्याशा पट्ट्यात सव्वाशे वर्षं लोक भिंगातून बघतायत.

सुरुवात प्लेगपासून. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. ताप आणि गाठी बघून, म्हणजे डोळ्यांनी आणि बोटांनी. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आज आपण जिला हाफकिन संस्था म्हणतो ती हीच. १९२५मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं.

प्लेगचा जंतू मुळात सापडला होता त्याआधी दोन वर्षं, हाँगकाँगमध्ये. तिथे अलेक्झांडर येरसँ यांना रुग्णालयात धड जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी बाहेर गवताची झोपडी बांधून घेतली आणि तिथे मायक्रोस्कोप मांडला. ‘पोर्टेबल मायक्रोस्कोपी’चा इतिहास लिहायचा तर ही झोपडी त्यात यायला हवी. पण झोपडीत मायक्रोस्कोपशिवाय काय होतं तेही बघा. निर्जंतुक करायचं ऑटोक्लेव्ह होतं, कल्चरची सामग्री होती, आणि गाठीत सुई घालून नमुना काढायची तयारी होती. भिंग हा त्या सामानातला एक नग होता.

परळला मात्र उलटा प्रवास झाला. इथे मायक्रोस्कोप जागेवर राहिला आणि नमुने त्याच्याकडे आले. १९०५पासून प्लेग संशोधन आयोग परळच्या लॅबमध्ये कामाला लागला. शहरभरातून उंदीर गोळा व्हायचे, कुठल्या ठिकाणी सापडला त्याची नोंद व्हायची, आणि उंदीर लॅबमध्ये चिरला जायचा. माणसांच्या प्लेगआधी उंदरांचा प्लेग येतो, आणि मध्ये पिसू असते, हे या कामातून पक्कं झालं. त्यात डब्ल्यू. ग्लेन लिस्टन हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

मला मात्र या आयोगाच्या कामातलं वेगळंच एक प्रकरण आवडतं. १९०७च्या अहवालांत त्यांनी एक साधी तुलना केली. उंदीर प्लेगने मेला की नाही हे ओळखायचे दोन मार्ग: एक, त्याला चिरून नुसत्या डोळ्यांनी गाठ, यकृत, रक्तस्राव, छातीतलं पाणी बघणं, दोन, स्मिअर करून मायक्रोस्कोपखाली जंतू शोधणं. निष्कर्ष असा निघाला की सरावलेल्या माणसाने उघड्या डोळ्यांनी केलेलं निदान जास्त भरवशाचं. थोडा विचार केला तर पटतं. मुंबईच्या उकाड्यात मेलेला उंदीर टेबलावर येईपर्यंत सडायला लागलेला असणार. स्मिअरमध्ये कुजवणाऱ्या जंतूंची गर्दी, आणि त्यातून प्लेगचा जंतू निवडायचा. यकृतावरचे ठिपके मात्र तसेच दिसतात.

ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप होता, ज्यांची रोजीरोटी मायक्रोस्कोपवर होती, त्या लोकांनी स्वतःच्याच उपकरणाची साध्या डोळ्यांशी तुलना केली आणि निकाल उपकरणाच्या विरुद्ध गेला तरी छापला. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘कशाशी तुलना करणार’ असा रकाना असतो ना? तो भरताना हे परळचे उंदीर आठवा. नव्या उपकरणाची तुलना ‘काहीच नाही’शी करणं सोपं असतं. आज दवाखान्यात जे प्रत्यक्ष चालतं त्याच्याशी करणं अवघड.

आता मायक्रोस्कोप बाहेर नेणाऱ्यांकडे. ऑगस्ट १८९७मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस डासांची पोटं फाडत बसले होते. पंखा हलवला तर डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजलेले, उरलेल्या एकमेव आयपीसला तडा गेलेला. २० ऑगस्टला त्याच तडकलेल्या भिंगातून त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. या गोष्टीतून लोक ‘साधनं नसली तरी चालतं’ असं तात्पर्य काढतात. मला ते पटत नाही. त्या पेशींमधला काळा कण म्हणजे मलेरियाचं रंगद्रव्य, हे रॉस यांना ओळखता आलं, कारण त्याआधी दोन वर्षं ते तोच कण रुग्णांच्या रक्तात बघत होते. भिंगाला तडा चालला, डोळ्याला सराव नसता तर चाललं नसतं. पुढे रॉस यांनी प्रवासात नेण्याजोगा छोटा मायक्रोस्कोप स्वतः आखून लंडनच्या बेकर कंपनीकडून करवून घेतला.

आणि लिस्टन? परळला येण्याआधी ते वऱ्हाडात एलिचपुरात, म्हणजे आपल्या अचलपुरात होते. तिथे वर्षभर डास पाळून, बघून, त्यांनी १९०१मध्ये एका जातीचं वर्णन केलं: ॲनाफिलीस स्टिफेन्सी. दहा वर्षांनी चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाची पाहणी केली तेव्हा विहिरींत आणि टाक्यांत वाढणारा गुन्हेगार डास हाच निघाला. आजही मुंबईत पालिकेचा माणूस गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासायला येतो तो याच डासासाठी. (विहिरी झाकण्यावरून तेव्हा धर्माचा मोठा वाद झाला होता. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

हे सगळं सांगितलं ते एका साखळीसाठी. नमुना घेणं, स्लाइड करणं, रंगवणं, बघणं, ओळखणं, मोजणं, आणि मग काहीतरी करणं. भिंग या साखळीतली चौथी कडी आहे. फोन त्यातल्या नेमक्या कुठल्या कडीला हात घालतो?

त्यासाठी थोडं प्रकाशशास्त्र. घाबरू नका, भागाकारापलीकडे काही नाही. फोनच्या कॅमेऱ्याच्या भिंगाची फोकल लांबी साधारण ४ मिमी धरा. त्याच्यापुढे ३ मिमी व्यासाची काचेची गोळी चिकटवली. साध्या काचेच्या अशा गोळीची फोकल लांबी सुमारे २.२ मिमी येते. ४ भागिले २.२ म्हणजे १.८. सेन्सरवर प्रतिमा वस्तूच्या फक्त १.८ पट मोठी होते! ‘फोन मायक्रोस्कोप ५०० पट मोठं दाखवतो’ असं जाहिरातीत असतं ते स्क्रीनवर ताणलेल्या चित्राचं माप. तेच चित्र भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलं तर ५,००० पटही होईल. सेन्सरचा पिक्सेल १.४ मायक्रोमीटरचा असेल, तर स्लाइडवरचा सुमारे ०.८ मायक्रोमीटर एका पिक्सेलवर येतो. दोन ठिपके वेगळे दिसायला किमान दोन पिक्सेल हवेत. म्हणजे फार तर दीड मायक्रोमीटर, तेही भिंगाचे दोष आणि रंगीत पिक्सेलांची मांडणी सोडून दिली तर. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘किती पट’ लिहू नका, रिझोल्यूशन लिहा. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

दीड मायक्रोमीटर कमी नाही बरं का. तांबडी पेशी ७-८ मायक्रोमीटरची, ती छान दिसते. सतराव्या शतकात लेव्हेनहुक यांनी अशाच एका छोट्या भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले. त्यांच्या उरलेल्या मायक्रोस्कोपांपैकी सगळ्यात चांगला २६६ पट दाखवतो. फोनला चिकटवलेली गोळी हा लेव्हेनहुकचाच वंश. फरक इतकाच की डोळ्याच्या जागी सेन्सर आला, आणि सेन्सरच्या मागे एक संगणक आणि एक सिमकार्ड.

२००९मध्ये कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या डॅनियल फ्लेचर यांच्या गटाने ‘सेलस्कोप’ प्रसिद्ध केला तेव्हा वापरलेला फोन होता नोकिया एन ७३. ३.२ मेगापिक्सेलचा. त्यावर त्यांनी मलेरियाचे परजीवी, सिकलसेलच्या वाकड्या पेशी, आणि चमकणाऱ्या रंगाने रंगवलेले टीबीचे जंतू दाखवले. रिझोल्यूशन १.२ मायक्रोमीटरच्या आसपास. शोधनिबंध महत्त्वाचा आहे, वाचाच. पण त्यातलं उपकरण बघाल तर फोनच्या पुढे मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह आहे, आयपीस आहे, फिल्टर आहेत, एलईडी आहे. फोन म्हणजे शेवटचा कॅमेरा. आणि स्लाइडा आधीच तयार होत्या.

इथे नायगावकडे वळतो. १९२०च्या दशकात बांधलेल्या इथल्या बेचाळीस बीडीडी चाळींत एकेक खोली १६० चौरस फुटांची, तीत अख्खं कुटुंब. टीबीला आणखी काय हवं? समजा या चाळीतल्या कुणाचा खोकला दोन आठवडे जात नाही, आणि तुमचा फोन-मायक्रोस्कोप तयार आहे. आधी बेडका हवा, नुसती थुंकी चालत नाही. तो काचेवर पातळ पसरायचा, सुकवायचा, आचेवर धरून पक्का करायचा, रंग, धुणं, परत रंग. हे करणाऱ्याच्या नाकासमोर जिवंत टीबी असतो. मग शंभरेक क्षेत्रं तपासायची. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा हजार जंतू असतील तरच स्मिअरमध्ये दिसण्याची खात्री. ही मर्यादा भिंगाची नाही, स्लाइडवर किती थेंब मावतो याची आहे. फोन कितीही चांगला आला तरी ती हलत नाही.

आणि जंतू दिसला तरी काय कळलं? २०११च्या शेवटी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांबद्दल एक छोटं पत्र प्रसिद्ध केलं. तपासलेल्या कुठल्याच औषधाला न जुमानणारा टीबी. देशभर खळबळ झाली. भिंगाखाली हे जंतू साध्या टीबीच्या जंतूसारखेच लाल काड्यांसारखे दिसतात. कुठलं औषध लागू पडेल हे आकारावरून कळत नाही, त्यासाठी कल्चर करावं लागतं किंवा जनुक वाचावं लागतं. म्हणून टीबीत पुढचा रस्ता भिंगाकडून जनुकाकडे वळला. बॅटरीवर चालणारं, छोट्या केंद्रात ठेवता येणारं ‘ट्रूनॅट’ गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे, आणि २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. पोर्टेबल तेही आहे. फक्त त्यात बघायला काही नाही, म्हणून त्याच्या बातम्यांना फोटो चांगले मिळत नाहीत!

आता एक प्रयोग, ज्याचे आकडे मी ज्युनिअरांना नेहमी सांगतो. २०१३मध्ये आयझॅक बोगोक आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या पेंबा बेटावर आयफोनला ३ मिमीची, आठेक डॉलरची गोळी दुहेरी चिकटपट्टीने लावली आणि शौचाच्या नमुन्यांत जंतांची अंडी शोधली. साध्या मायक्रोस्कोपने आधी वाचलेल्या त्याच स्लाइडा पुन्हा फोनने वाचल्या. सेन्सिटिव्हिटी म्हणजे खरोखर बाधा असलेल्यांपैकी किती सापडले. गोल जंतांसाठी ती आली ८१ टक्के. चाबूककृमीसाठी ५४.४. हुकवर्मसाठी १४.३.

थांबा. हुकवर्मचं अंडं काही सूक्ष्म नसतं, साठेक मायक्रोमीटर लांब असतं, जवळपास गोल जंताच्या अंड्याएवढंच. दीड मायक्रोमीटर दिसणाऱ्या उपकरणाला ते दिसायलाच हवं. मग? गोल जंताच्या अंड्याला जाड, खडबडीत, तपकिरी कवच असतं. हुकवर्मचं कवच पातळ आणि पारदर्शक, आणि नमुना स्वच्छ दिसावा म्हणून वापरलेल्या ग्लिसरिनमध्ये ते थोड्या वेळात आणखी विरतं. माझ्या मते इथे फोन रिझोल्यूशनवर हरला नाही, कॉन्ट्रास्टवर आणि वेळेवर हरला. म्हणजे पुन्हा स्लाइड. बोगोक यांनी हा १४.३ लपवला नाही, सारांशातच छापला. ‘एकूण ६९.४ टक्के’ एवढंच सांगणाऱ्या बातम्या वाचून थांबणाऱ्याला हा आकडा कधी दिसणारच नाही.

मग फोन जिंकला कुठे? माझं निरीक्षण सांगतो, पटलं नाही तर भांडा. जिथे साखळीतली स्लाइड करायची आणि रंगवायची कडीच लागत नाही, तिथे.

पहिलं उदाहरण मध्य आफ्रिकेतलं. तिथे नदीकाठच्या अंधत्वावर आयव्हरमेक्टिन हे उत्तम औषध आहे. पण रक्तात लोआ लोआ नावाच्या दुसऱ्याच कृमीची पिल्लं फार असतील तर हे औषध घेतल्यावर मेंदूला इजा होऊ शकते, माणूस दगावूही शकतो. कॅमेरूनच्या ओकोला भागात १९९९मध्ये असंच झालं आणि वाटप थांबलं. फ्लेचर यांच्याच गटाने पुढे ‘लोआस्कोप’ केला. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पातळ नळीत घ्यायचा, आणि फोनने काही सेकंदांचा व्हिडिओ. कृमी वळवळतात, वळवळताना तांबड्या पेशींना ढकलतात, आणि प्रोग्रॅम ती हालचाल मोजतो. रंग नको, सुकवणं नको, वाचणारा तज्ज्ञ नको. वळवळ हाच रंग. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६,२५९ लोक तपासले, त्यातल्या ३४० जणांना, म्हणजे २.१ टक्क्यांना, कृमी जास्त असल्याने औषध दिलं नाही. १५,५२२ जणांना दिलं आणि गंभीर दुष्परिणाम एकालाही झाला नाही. इथे रिझोल्यूशन जेमतेम लागतं. कृमीचं पिल्लू शेकडो मायक्रोमीटर लांब असतं. गटाने आधी प्रश्न निवडला, मग त्याला पुरेल एवढंच भिंग बनवलं.

दुसरं उदाहरण आपल्याच शहरातलं. डोळा. १८५१मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आतला पडदा बघायचं उपकरण जगापुढे ठेवलं तेव्हापासून डॉक्टरांना एक गंमत माहीत आहे. डोळ्याचं स्वतःचं भिंगच मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह म्हणून काम करतं. सुमारे ६० डायॉप्टरचं भिंग, पडदा जवळपास पंधरा पट मोठा दिसतो. शरीरात रक्तवाहिन्या टोचल्याशिवाय, कापल्याशिवाय इतक्या छान बघता येतील अशा जागा फार थोड्या. स्लाइड आयतीच तयार, आणि रंग रक्ताचाच. अडचण एकच, बुबुळाच्या छोट्या छिद्रातूनच प्रकाश आत टाकायचा आणि त्यातूनच परत घ्यायचा, वर समोरच्या चकचकीत पृष्ठभागाचं प्रतिबिंब आड येऊ द्यायचं नाही. १८८६मध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो घेतला तेव्हा अडीच मिनिटं एक्स्पोजर लागलं. आज फोनला क्षणभर पुरतं.

मधुमेहात या पडद्यावरच्या बारीक वाहिन्या खराब होतात. सुरुवातीला माणसाला काही जाणवत नाही, जाणवतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून तक्रार नसताना बघणं महत्त्वाचं. २०१८मध्ये वडाळ्याच्या आदित्य ज्योत रुग्णालयाचे डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींवर एक अभ्यास केला. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचं फोनवर बसवलेलं उपकरण, बाहुली मोठी करायचे थेंब न टाकता घेतलेले फोटो, फोटो घेणारा आरोग्य कर्मचारी, ज्याला या कामाचा पूर्वानुभव नव्हता. आणि निदान सांगणारा प्रोग्रॅम फोनमध्येच, इंटरनेटशिवाय. तेच फोटो नेत्रतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले. २०१९मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त निकाल आला: पुढे पाठवण्याजोग्या आजारासाठी सेन्सिटिव्हिटी १०० टक्के, स्पेसिफिसिटी ८८.४ टक्के.

बातम्यांत १०० टक्के आलं. आता संशोधकासारखं वाचू. अभ्यासात २३१ जण होते, विश्लेषणात २१३. शंभर टक्क्यांच्या शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलंय, त्याचं खालचं टोक ७८.२ टक्के. एवढं रुंद का? टक्केवारीवरून उलटा हिशोब केला की कळतं: पुढे पाठवण्याजोगे रुग्ण होते अवघे १५. पंधरापैकी पंधरा सापडले. खरी सेन्सिटिव्हिटी ८० टक्के असती तरीही पंधरापैकी पंधरा सापडणं अगदीच अशक्य नाही. ०.८चा पंधरावा घात काढून बघा, साडेतीन टक्के येतो. यात अभ्यासाचा दोष नाही. दवाखान्यात जे येतील ते घ्यायचे ठरवलं की आजारी कमीच निघणार, आणि तेच खरं चित्र असतं. रुग्णालयातले निवडक आजारी डोळे घेतले असते तर आकडा भरभक्कम दिसला असता, पण नायगावच्या दवाखान्याबद्दल त्यातून काहीच कळलं नसतं.

स्पेसिफिसिटी म्हणजे आजार नसलेल्यांपैकी किती जणांना बरोबर घरी पाठवलं. उरलेल्या १९८पैकी ८८.४ टक्के म्हणजे १७५. मग २३ जणांना विनाकारण ‘पुढे दाखवा’ सांगितलं गेलं. एकूण ३८ जणांना चिठ्ठी, त्यातल्या १५ जणांना खरी गरज. कुणी म्हणेल, डोळे जाण्यापेक्षा एक फेरी परवडली. मीही तेच म्हणेन. पण रोजंदारीवरच्या माणसाला फेरी म्हणजे खाडा, आणि अशा निष्फळ दोन फेऱ्या झाल्या की तिसऱ्या वेळी तो जात नाही. आणि ते १८ जण, जे विश्लेषणात आलेच नाहीत? अशा प्रत्येक निबंधात गळालेल्यांचा परिच्छेद शोधून वाचा. थेंब न टाकता फोटो घ्यायचा म्हटलं की ज्यांच्या बाहुल्या लहान, ज्यांना मोतीबिंदू, त्यांचे फोटो धड येत नाहीत. हेच लोक वयस्कर असतात, मधुमेह जुना असतो. म्हणजे ज्यांना धोका जास्त तेच गळण्याची शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सिनॉप्सिस लिहिताना कुणी बघत नाही. नोकिया एन ७३ आज कुठे आहे? चांगला मायक्रोस्कोप लॅबमध्ये चाळीस वर्षं टिकतो. फोनचं मॉडेल दोन-तीन वर्षांत बाजारातून जातं, आणि नव्या मॉडेलचं भिंग वेगळं, सेन्सर वेगळा. त्याहून त्रासदायक म्हणजे फोन आपल्याला न विचारता फोटो सुधारतो. कडा ठळक करतो, दाणे पुसतो, रंग खुलवतो. सेल्फीला हे बरं, पण बारीक रक्तस्रावाचा ठिपका आणि ‘दाणा’ यांतला फरक त्याला कोण सांगणार? म्हणून मोजमाप करायचं असेल तर एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स बांधून टाका, प्रक्रिया न केलेली रॉ प्रतिमा ठेवा, आणि प्रत्येक फोटोबरोबर फोनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवा. परळला प्रत्येक उंदरासोबत तो कुठे सापडला याची नोंद यायची, तसंच.

अचूकतेचा अभ्यास फोटो आणि तज्ज्ञ यांच्या तुलनेपाशी संपतो. चिठ्ठी मिळालेले ३८ जण पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचतात का, पंधरांपैकी किती जणांना वेळेत लेसर किंवा इंजेक्शन मिळतं, हे मोजायचं तर दुसरा अभ्यास आखावा लागतो, आणि माझ्या मते आज विषय शोधणाऱ्याला जागा तिथे आहे. अशा अभ्यासाला कॅमेरा लागत नाही. दवाखान्यातलं रजिस्टर लागतं, रुग्णाचा फोन नंबर लागतो, आणि सहा महिन्यांनी ‘काका, वडाळ्याला जाऊन आलात का?’ असं विचारणारं कुणीतरी लागतं.